चटईएवढी जागा

अँटॉप हिलच्या सव्वादोनशे फुटांत
कडी लागणारं दार एकच, संडासाचं.
बाकी सगळं सगळ्यांसमोर:
बाबांचे पतपेढीचे फोन, प्रणोतीचं नर्सिंगचं पाठांतर,
टॉवेल दातांत धरून माझं कपडे बदलणं.

मग सेकंडहँड कॉम्प्युटर आला
आणि मी एका डिस्कच्या चार खोल्या केल्या.
सी मशीनची. डीमध्ये बाबांचे थकबाकीदार,
ई प्रणोतीची, एफ माझी.
ज्याचं त्याचं कुलूप, ज्याचा त्याचा शब्द.
बाबांनी आपला शब्द कॅलेंडरवर लिहून ठेवला,
दुधाच्या खाड्यांशेजारी.

आई कणीक मळता मळता बघत होती.
चार दिवसांनी म्हणाली, मलाही दे एक.
तुला? किती जागा हवी?
"थोडीशीच. चटई पसरेल एवढी."

माझ्या एफमधून दोन जीबी कापून दिले.
पडद्यावरची सूचना मराठीत सांगितली:
शब्द विसरलात तर आतलं परत मिळणार नाही. कुणालाच.
"कुणालाच?"
तिनं दोनदा विचारलं, आणि हात पदराला पुसले.

मी भिंतीकडे तोंड केलं.
एका बोटानं, मध्येच थांबत,
अकरा टकटक.
मोजायचे नव्हते. मोजले गेले.

एका रात्री करून पाहिलं.
माझं नाव आणि जन्मसाल, बरोबर अकरा भरत होते. चूक.
प्रणोतीचं. चूक.
आईच्या माहेरचं गाव, दोन स्पेलिंगांनी. चूक, चूक.
बाबांचं नाव मी टाकून पाहिलंच नाही,
का, ते तेव्हा लक्षातही आलं नाही.
सकाळी चहाचा कप ठेवत ती एवढंच म्हणाली,
"रात्रीचं मशीन तापतं रे."

सहा वर्षांनी डिस्क खडखडायला लागली.
लॅमिंग्टन रोडच्या केनियानं ती कानाशी धरून हलवली,
नारळ बघतात तशी.
"बाकी सगळा निघेल. हा लॉकवालापण निघेल, पण लॉकसकट.
आत काय आहे ते मला नाय दिसणार, तुला पण नाय.
कशाला पाहिजे? सोडून देऊ?"

बाराशे सांगितले. मी घासाघीस केली नाही.

घरी पोचलो तर दारातच, "माझं?"
आहे. होतं तसं.
मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो.
आतून टकटक आली. दहा.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग अकरावी,
आणि लगेच बोरकरांच्या कुकरची शिट्टी,
त्यामुळे पुढचं काही ऐकू आलं नाही.