पुढे चालणारा

काचेच्या पेटीत बसून
मी दिवसभर दुसऱ्यांचे शब्द वाहते.
आज बावीस आलेत. काही कालच्या विमानाने,
काही वादळात अडकून पहाटे.
एकाच्या बुटांवर अजून त्याच्या गावाचा बर्फ.

पक्ष नाहीत, झेंडे नाहीत.
सीलच्या कातड्याच्या खुर्च्या गोल मांडलेल्या.
गोलाला डोकं नसतं,
आणि दुपारी दोनला अंधारायच्या आत
डोकं हवं आहे.

उलुरिआक आजी दगडी दिव्यापाशी.
काडीने ज्योत सारखी करते,
एका टोकाला चढली की तिथे दाबते.
"धूर झाला तर तेल कमी नाही," ती म्हणाली,
"लक्ष कमी."
मी ते इंग्रजीत सांगितलं.
कारकुनाने घड्याळ पाहिलं.

आधी सभापती. आमच्या भाषेत 'बोलणारा',
काम मात्र इतरांना गप्प करण्याचं.
हसले सगळे.

मग ते मोठं पद.
इंग्रजीत त्याचा अर्थ पहिला.
आमच्यात, पुढे चालणारा.
हे दोन एक नव्हेत, पण वीस वर्षं
मी एकाच्या जागी दुसरा ठेवत आलेय.

तीन नावं. दोघं बोलली:
घरं, डिझेल, दुधाचा भाव,
एका खोलीत झोपणारी नऊ माणसं.
तिसरा माटिउसी. टोपी चुरगाळत उभा राहिला.

"पुढे चालणारा माझा भाऊ होता.
खाडीच्या तोंडाशी, हातात पहार.
पावलागणिक बर्फ ठोकून बघायचा.
एकदा नाही ठोकला.
मी मागे होतो, म्हणून इथे आहे.
माझं नाव काढा."

हेडफोनमध्ये नुसती खरखर.
शांततेचं भाषांतर करायचं नसतं, शिकवलंय आम्हाला.
तरी माझं बोट बटणावरच होतं.

चिठ्ठ्या. पुन्हा चिठ्ठ्या.
कोपानुआक निवडून आली,
सुईण होती ती, तिच्या हातावर
या सभागृहातले दोघं जन्मलेले.
टाळ्या सुरू असताना ती व्यासपीठाकडे गेलीच नाही,
माटिउसीच्या खुर्चीशी थांबली.
"ठोकत जाईन," म्हणाली.
"चुकले तर मागून ओरडशील?"

तो काही बोलला नाही.
भुवया तेवढ्या उंचावल्या.

कारकुनाने टिपलं: उत्तर दिले नाही.

मी माइक उघडला
आणि म्हणाले, हो.