अठ्ठावन्न

गोळी घेतली का सकाळी, घोटभर पाण्याबरोबर?
घेतलंय तर, भगीरथ केळूसकर म्हणतात,
नांगर इसरान कोण होडी हाकता?
एकसष्ट वर्षं, त्यातली चव्वेचाळीस समुद्रावर.
अकरा वर्षांपूर्वी छातीत कळ आली
तेव्हापासून रोज ही अर्ध्या नखाएवढी पांढरी गोळी,
आणि आता पित्ताशयात खडे.

वेंगुर्ल्याचं दोन मजली इस्पितळ.
खिडकी उघडली तर सुक्या बांगड्याचा वास,
लावली तर स्पिरिटचा.
सव्वीस वर्षं मी इथे माणसं निजवते
आणि निजलेली माणसं नाडीवरून वाचते.
चाकूची पहिली रेघ पडते, नाडी उसळते,
ऐंशी, शंभर, एकशे वीस,
भरतीचं पाणी खाडीत घुसावं तशी.
तोंडात नळी, डोळ्यांवर चिकटपट्टी,
हातपाय मीच लुळे केलेले,
पण काळीज चुगली करतं:
दुखतंय, बाई, अजून दुखतंय.
मी औषध वाढवते.
एवढीच आमची बोली.

गोळीवाल्यांकडे ती बोली नसते.
अ‍ॅड्रेनलिन दारावर थापा मारतं,
आतून कडी.
चांगलंच आहे ते.
एकदा फाटलेल्या जाळ्याला पुन्हा कशाला ताण,
म्हणून तर आजही गोळी चुकवू दिली नाही.
पण बंदरावरचा वादळाचा बावटा
कुणी घडी घालून कपाटात ठेवला
म्हणून वादळ थोडंच थांबतं?

काल तपासणीनंतर तारामती मागे रेंगाळली.
नवरा जिना उतरून गेल्याची खात्री केली, मग म्हणाली:
पयले वारो सुटलो काय रातीक छातयेर कान ठेवी मी,
धडधड आयकून कळायचा, भियाले.
आता काय्येक कळना नाय ओ. एकसारख्या चलता.
म्हणान मी पायांकडे बगतंय.
उजव्या पायाचो आंगठो.
भितर वळता, गळासारखो.

मी हसले. लिहून घेतलं नाही.
कुठल्या रकान्यात लिहिणार?
शिवाय अंगठाही मी निजवणारच होते.

साडेनऊ. सर्जन नाबर म्हणाले, घेऊ?
छप्पन्न.
चाकू. छप्पन्न.
पोटात वायू भरला, पोट घुमटासारखं वर आलं.
अठ्ठावन्न.
रक्तदाब जरासा वर, नाबरांना सांगावा इतकाही नाही.
माझ्या मनगटावरचं घड्याळ मात्र,
लेकीने पहिल्या पगारातून घेतलेलं,
थरथरून विचारू लागलं, तुम्ही व्यायाम करताय का?
एकशे अकरा.

मी वाकले. पट्टीची एक कड उचलली.
पापणीच्या कोपऱ्यात पाणी.
कपाळावर, टोपीच्या काठाशी, बारीक दव.
यंत्र तेवढं आपलं टिक टिक, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न,
शाळेत हजेरी देणाऱ्या मुलासारखं.
मी फेंटानिल दिलं.
काय झालं? नाबरांनी मान वर न करता विचारलं.
काही नाही. नाडी छान आहे.

पाच खडे निघाले, चिंचोक्यांएवढे.
बाटली उजेडात धरून तारामती म्हणाली,
हे घराक नेव?

दुपारी तीनला त्यांच्या खाटेपाशी गेले.
डोळे मिटलेले, ओठ मिटलेले.
सिस्टर म्हणाली, शांत आहेत, मॅडम. एकसष्ट.
विचारलं, दुखतंय का? मान हलली, नाही.
तांडेल माणूस, दुसरं काय सांगणार.

मी चादर पायांकडून बाजूला केली.
खाऱ्या पाण्याने चिरलेल्या टाचा.
डावा पाय सैल, बाहेर कललेला.
आणि उजवा अंगठा.

सिस्टर, म्हटलं, इंजेक्शन आणा.
आणि तो त्यांचा कागद द्या जरा इकडे,
आणि पेन.