काटा

उद्धव बाबर नोकरी सोडून गेला तेव्हा खण रिकामा करून गेला.
कप नेला, कंगवा नेला,
भिंतीतला स्वतः ठोकलेला खिळासुद्धा उपसून नेला.
वजनाचा प्रोग्राम तेवढा मशीनमध्ये राहिला,
कुठल्याशा घडीच्या आतल्या घडीत.
मेनूत त्याचं नावच नव्हतं.

तासगावच्या या कोल्ड स्टोरेजात
गंधकाचा वास बारा महिने साडीला असतो,
आणि कंप्रेसरची घरघर
बंद पडली तरच ऐकू येते.
विंडोजला पैसे कशाला, म्हणाले शेठ,
म्हणून उद्धवनंच फुकटातलं लिनक्स चढवलेलं.
वर बसून त्यानं हा प्रोग्राम लिहिला, दोन हंगाम,
बोनस मागितला,
आणि मग ते सगळं झालं.

तीन वर्षं मी रोज सकाळी काळी खिडकी उघडते,
स्लॅश, होम, स्लॅश, उद्धव, स्लॅश,
अशी लांबलचक वाट टाइप करते.
कागदावर लिहून मॉनिटरला डकवलेली.
एक टिंब चुकलं की मशीन म्हणतं, अशी फाइल नाही.
आहे रे बाबा. आहे.

रात्रपाळीच्या दगडूतात्यांना ती वाट कशी जमावी?
रात्रीचा माल ते वहीत मांडायचे,
सकाळी मी वहीतून मशीनमध्ये.
मार्चात चाळीस क्रेट मधेच कुठे सांडले.
पैसे कापले गेले तात्यांचे,
माझे नाहीत.

त्याच आठवड्यात सापडली ती एवढीशी सोय,
मेनूत नाव चढवणारी.
रेशनकार्डाच्या अर्जासारखी विचारत गेली.

नाव?
मी लिहिलं: वजन नोंदणी प्रणाली.
मागून तात्या, डबा सोडता सोडता,
"आसं कोन म्हनतं? काटा म्हन की."
खोडलं. काटा.

मग वाट विचारली, ती दिली शेवटची,
कागद ओढून काढला
तर काचेच्या कडेला डिंकाचा चौकोन उरला.
चित्र म्हणून ती दातेरी चाक द्यायला बघत होती,
मी तळहातावरच्या बेदाण्याचा फोटो काढून दिला.
लहान होत होत तो
पडद्यावर माशी बसल्यासारखा दिसायला लागला.
असू दे.

गट कोणता: कार्यालय, खेळ, चित्रं, इतर.
आमच्या हजेरीपत्रकात बेदाणा निवडणाऱ्या बायका
"इतर, चौदा" म्हणून असतात.
बाण "इतर"वर जाऊन आला.
कार्यालय.

सगळ्यात खाली होती टिप्पणीची जागा,
रिकामी ठेवली तरी चालेल, असं लिहिलेलं.
तिथे मी उगाच बसून राहिले.
तात्यांची भाकरी संपली, त्यांनी डबा विसळला.
मग लिहिलं:
उद्धव बाबरनं लिहिला.

तरी मेनूत काही येईना.
मशीनमधून बाहेर पडले, पुन्हा आत आले,
तेव्हा दिसला,
कॅलेंडरच्या वर, माशीसकट.

ही टिप्पणी सगळ्यांना दिसत नाही.
बाण नावावर क्षणभर थांबला तरच
पिवळी चिठ्ठी उमटते.
शेठ येतात, खाडकन दाबतात, आकडा बघून जातात.
त्यांना चार महिन्यांत एकदाही दिसली नाही.
मीही घाईतच असते.

तात्यांचा हात कापतो.
माऊस धरायचा म्हणजे ते आधी हात धोतराला पुसतात,
बाण नावापर्यंत आणतात,
तो निसटतो, परत आणतात,
आणि बोट खाली जाण्याआधी
थोडा वेळ जातो.

काल मी उशिरापर्यंत होते. चिठ्ठी उमटली.
तात्यांनी मान पुढे काढून एकेक अक्षर जुळवलं,
उ, द्ध, व.
"हाय व्हय ह्यो आजून हितंच?"

बाहेर मणेराजुरीचा टेम्पो केव्हाचा हॉर्न देतोय.
तात्यांनी अजून बटण दाबलेलं नाही.