अकरा मिलिमीटर

सलमाबादच्या गाळ्यात सकाळी सातलाच
पत्रा हाताला चावतो.
मिनी टोचन करून आली,
त्रेसष्ट सालची, स्टिअरिंग उजवीकडे.
पुढे बहरीनच्या रस्त्यांनी बाजू बदलली,
तिने नाही बदलली.

गाडी बद्रियाबाईंच्या वडिलांची.
त्याआधी अवालीतल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरची,
जो एका गालिच्यावर ती देऊन गेला म्हणतात.

"आईची कंबर," बाई म्हणाल्या,
"दर खड्ड्याला बाबांचं नाव घेते.
काहीतरी मऊ टाका."

या गाडीत स्प्रिंग नसतेच.
रबराचा कोन असतो, मुठीहून मोठा,
अख्खी गाडी त्याच्या उरावर.
चारही काढले.
फणसाचं साठ विसरून राहावं डब्यात वर्षानुवर्षं,
तसे दगड झालेले.
उजवीकडचे दोन जास्तच चेपलेले.
टेप लावली: अकरा मिलिमीटर.
चाळीस वर्षं एकच माणूस बसला तिथं,
आणि माणूस अंगानं चांगला होता.

कुंजुमोननं खोकी फोडली.
कॉइलओव्हर. शॉकअपच्या नळीला लाल स्प्रिंग गुंडाळलेली,
खाली आट्यांची मान, मानेवर फिरणारी कडी.
कडी फिरव, गाडी वर. उलटी फिरव, खाली.
"दोन तासांचं काम, निजामभाई."

दोन तासांचंच होतं.
तिसऱ्या तासाला जल्लाकच्या रस्त्यावर, स्पीडब्रेकरला,
टक.

वरची ब्रॅकेट. केसाएवढी चीर.
बरोबरच होतं तिचं.
जन्मभर तिनं फक्त हादरे आवरले,
वजनाचं काम रबराकडे होतं.
आम्ही रबर काढलं आणि तिला सांगितलं,
आता दोन्ही तूच बघ.

मलाही असंच सांगितलं होतं मामूंनी
दाभोळच्या धक्क्यावर, अब्बांना पुरून आल्यावर,
एका वाक्यात, विडी विझवता विझवता.
मी एकोणीसचा. चीर कुठं पडली
ते कुणी टॉर्च लावून पाहिलं नाही.

गुलरेजला बोलावलं.
तीन मिलिमीटरचा पत्रा, दोन्ही अंगांनी त्रिकोणी टेकू.
काच खाली ओढून त्यानं शिवण घातली,
निळा उजेड, जळक्या रंगाचा वास.
"हे आता मोडणार नाही," तो म्हणाला,
"मोडलं तर बाजूचं मोडेल."

मग काटेकोर लेव्हल.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध,
चारही चाकं एका उंचीत.
मी बोनेट पुसलं, दोनदा.

गुरुवारी आई आल्या.
काळा अबाया, हातात औषधांची पिशवी,
डावीकडच्या सीटवर सवयीनं बसल्या.
बाईंनी गाडी सित्रापर्यंत नेली, परत आणली.
आई उतरल्या नाहीत.
अरबीत काहीतरी बोलल्या, काचेकडे बघत.

बद्रियाबाई जरा वेळानं म्हणाल्या,
"कंबर ठीक आहे म्हणते.
पण म्हणते, आता मी
त्यांच्याकडे घसरत नाही."

मी जॅक लावला.
उजवीकडच्या दोन्ही कड्या, पुढची, मागची,
आकड्याचा पाना घालून उलट्या फिरवल्या.
एक आटा. टेप. अजून एक.
कुणी बोलत नव्हतं, फक्त कंप्रेसर.
अकरावर थांबलो.
आई पुन्हा बसल्या.
पिशवी मांडीवरून सरकून
हँडब्रेकपाशी गेली.
त्यांनी ती उचलली नाही.

बिलात लिहिलं: कॉइलओव्हर चार, वेल्डिंग, मजुरी.
शेवटच्या कामाला नाव सुचेना,
ते सोडून दिलं.

"भाई, गाडी उजवीकडे कलली," कुंजुमोन ओरडला.
"तुमची लेव्हल चुकली."
"असू दे."

जुने कोन कुणी मागितले नाहीत.
तीन भंगारात गेले.
एक माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहे,
चहा सांडत नाही.