मोड

घोंगडे वस्तीत माझं लेथ आहे, पत्र्याच्या शेडमध्ये.
नरसम्मा आली तेव्हा मी पंपाचा शाफ्ट सोलत होतो.
तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलून
माझ्या बाकावर ठेवला,
दुरुस्तीला आणल्यासारखा.
"अन्ना, प्रेसचा दांडा वाढवून पायजे."

भद्रावती पेठेत, बोळातून जिना चढून, खोलीभर पुठ्ठे.
चादरीवर मोर दिसतो
तो आधी इथे भोकं होऊन बसलेला असतो:
एका मोराला नऊशे चाळीस कार्डं
आणि दर कार्डाला एक ओढ, खांद्यातून.
पंच बसवायचे, पुठ्ठा सरकवायचा, दांडा खाली.
धप्प.
बावीस वर्षं धप्प.

प्रेस बिडाचं, कुठल्याशा बंद गिरणीच्या लिलावातलं.
मी टेप लावला. एकवीस इंच दांडा.
"अक्का, जोर फुकट मिळत नसतो.
निम्म्या जोरानं ओढायचं
तर हात दुप्पट लांब फिरवावा लागेल."
"लांब चालतंय की. जड नको."

पहिला पाइप मी नुसताच वरून चढवला, आळशीपणानं.
तिसऱ्या दिवशी बिडाचा कान तडकला.
बीड वाकत नाही, कुरकुरत नाही,
ठीक आहे ठीक आहे म्हणत एकदम जातं.
मग कान पोलादी केला, खिळीला गनमेटलचं बुश,
दांडा बेचाळीस इंच.
वर जाताना तो मार्कंडेयाच्या फोटोला लागायला लागला.
तिनं आधी हात जोडले,
मगच मला खिळा वीतभर वर मारू दिला.

आणि मग तिनं दोन बोटांनी दांडा खाली आणला.
खट्.
एवढंच.
ती प्रेसकडं बघत राहिली, जणू ते इतकी वर्षं
मुद्दाम जड वागत होतं.

पैसे दिले ते सगळे मोडीत, पदराच्या गाठीतून.
"सेठला सांगू नको."
मी तिच्यासमोर मोजले नाहीत.
शेडवर येऊन मोजले. बरोबर होते.

पंधरवड्यानं परत दारात.
"सेठनं बगितलं.
रोजची तीनशे कार्डं होती, आता साडेपाचशे म्हणतोय.
मजुरी तीच."
मी शाफ्ट पुसत राहिलो. नको तिथं पुसत राहिलो.
वाचलेला जोर कुठं जातो
हे आयटीआयच्या पुस्तकात नव्हतं.

"जुना दांडा बसवू का परत?"
"नको बे. मोडून दे.
पण असा मोड, की मला जोडता यावा."

तीस वर्षांत असं काम आलं नव्हतं.
बुश बसवणं सोपं, दात पाडणं सोपं.
मोडल्याचं सोंग कठीण.
एकवीस इंचांवर दांडा कापला,
आत उतरती खाच, तीत घट्ट बसणारी खुंटी,
अर्धा वळसा दिला की पक्की.
बाहेरून कड कानशीनं वाकडीतिकडी केली,
ॲसिडचा हात फिरवला, गंज चढू दिला.
शेवटी बघून मलाच वाईट वाटलं,
इतका तो तुटलेला दिसत होता.

सेठ आला, बघितलं, चुकचुकला.
दुरुस्तीला किती, विचारलं. मी आकडा सांगितला.
"राहू दे," म्हणाला, आणि कार्डं परत तीनशेवर आली.

वरचा तुकडा आता फोटोच्या मागे असतो.
तिथं हात घालायची सेठची हिंमत नाही,
त्याच्या घरीही तोच देव आहे.

मी कधी त्या बोळातून सायकलनं जातो
आणि खिडकीखाली पाय टेकतो.
खट्, खट्, खट्, मध्येच तिचं तेलुगू गुणगुणणं.
मग कोपऱ्यावर स्कूटर वाजते.
वर क्षणभर शांत.
अर्धा वळसा.

धप्प.