चौथा पडदा

भोसरीच्या टूलरूममध्ये आठ तास
मी दुसऱ्यांच्या चुका मोजतो, मायक्रॉनमध्ये.
घरी येऊन बेसच्या पडद्यांना मायक्रोमीटर लावला
की बायको विचारते, "ओव्हरटाइम सुरू का?"

पहिला पडदा एक पॉइंट शून्य आठ.
दुसरा तेवढाच.
तिसऱ्याचं थोडं गेलंय, ते चालतं.
चौथा : पॉइंट एकाहत्तर.
जाड तारेच्या खाली तिथे एक खाच आहे,
नख फिरवलं तर अडकतं.
वाजवला की तार पाचव्याला घासते
आणि खर्र होतं.

तारा तर बदलायलाच हव्यात.
माझ्या घामानं आठ महिन्यांत मेल्यात.
ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज.

रास्ता पेठेतल्या दुकानात पोरानं तीन पाकिटं मांडली.
स्टील : झणझणीत, पण पडद्यापेक्षा कडक,
म्हणजे पैसे मोजून कानस विकत घ्यायची.
निकेल : मऊ, समजूतदार, लवकर दमणारी.
आणि चपट्या वेढ्याची, काचेसारखी गुळगुळीत,
साडेचार हजार रुपये,
झीज जवळजवळ नाही,
आवाज मात्र चारचौघांत ढेकर दाबल्यासारखा.
"काका, म्युझिक कुठलं वाजवता?"
म्हटलं, नवरात्र, डोहाळजेवण, रिटायरमेंट.
तो पाकिटांकडे बघत राहिला.
मी विचार करून येतो म्हणालो
आणि बेस खांद्यावर टाकून भवानी पेठेत गेलो.

मोहसीन सतारमेकर मूळचे मिरजेचे.
"आमच्याकडे पडदा बांधतात," ते म्हणाले,
"जागा चुकली की सरकवतात.
तुमच्याकडे ठोकतात आणि मग रडत येतात."
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी गळ्यावरून बोट फिरवलं,
चौथ्यावर थांबले.
"बाई काळी चारला गातात वाटतं."

एकोणीस वर्षं.
कुंदा सपकाळ म्हणजे काळी चार,
ऑर्केस्ट्रात नवा पोरगा आला की पहिलं हेच शिकायचा.
मी डाव्या अंगाला, तिच्या पाठीमागे.
मला दिसायची ती तिची मान,
ब्लाउजची गाठ आणि हवेत वर जाणारा हात.
ती कुठेही जाऊन येवो,
परत येईल तेव्हा मी चौथ्यावर असायचो.
एवढंच काम. त्याचीच ही खाच.

दिवाळीनंतर ती म्हणाली, सर्दी आहे.
होळीपर्यंत सर्दीच होती.
मग चिंचवडला, मेकअपच्या खोलीत,
पदराला पिन लावता लावता, कुणाकडेही न बघता :
"आजपासून काळी तीन."
कीबोर्डवाल्यानं बटण दाबलं, त्याचं झालं.
मी दोन पडदे मागे सरकलो.
तिथली पट्टी इतकी कोरी
की भाड्याच्या खोलीत पहिल्या रात्री
दिव्याचं बटण सापडू नये तसं झालं.

तळेगावात हात चुकला.
सवयीनं चौथ्यावर पडला, खर्र करून.
आणि ती, न थांबता, त्या सुराला चढली.
दीड ओळ.
माझ्या पोटात गोळा. कीबोर्डवाला शिव्या देतोय.
मग आवाज कडेला चिरला,
मी खाली आलो, तीही आली,
लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय.
परतीच्या टेम्पोत देहूरोडपर्यंत बोलली नाही.
पुढे भडंगाची पुडी माझ्याकडे सरकवून म्हणाली,
"परत असं करू नकोस हं."

"काय करू?" मोहसीनभाई विचारत होते.
"चौथा उपटून नवा ठोकू,
का बाकीचे घासून ह्याच्या उंचीला आणू?"
म्हटलं, राहू द्या.
"मग आलात कशाला?"
चहा त्यांनीच मागवला, पैसे घेतले नाहीत.

बसस्टॉपवर हिशेब केला :
सदतीस शतांश, एकोणीस वर्षं,
वर्षाला साधारण दोन.
कुंदा अठ्ठावन्नची आहे.
रास्ता पेठेत परत गेलो, दुकान बंद व्हायच्या आत,
आणि स्टीलचं पाकीट घेतलं.
पोरगा म्हणाला, "काका, ही पडदे खाते."
माहीत आहे, म्हटलं.

रात्री तारा चढवल्या.
वहीत नवं पान :
दुसरा पडदा, १.०८,
खाली आजची तारीख.