अर्जदाराशी नाते

खोली वैजयंताच्या नावावर होती.
भूगर्भशास्त्र, पीएच.डी., तिसरं वर्ष.
खाली बारीक अक्षरांत मी :
अर्जदाराशी नाते – पती.
त्याच्या खाली ठमी, वय सात महिने.
तिच्या व्यवसायाच्या रकान्यात
उगलमुगले क्लार्कांनी जरा विचार करून
एक आडवी रेघ मारली.

ह्याच विद्यापीठात मी दोन वर्षं पॅरासाइट होतो.
आठ नंबरला, तुळशीराम कांदेच्या खोलीत,
दोन टेबलांच्या मधे.
गादी दिवसा गुंडाळून कपाटावर,
चपला आत, दाराबाहेर नाहीत.
बाहेरच्या चपला रेक्टर मोजतात.
धाड पडली की वडाखाली जाऊन बसायचं
इतिहासाचं पुस्तक मांडीवर उघडून.
वॉचमन म्हणायचा, "जा आता. साहेब गेले."

म्हणून ह्या खोलीत, पहिल्या रात्री,
कडी वाजली तेव्हा
मी मुलीला कडेवर घेऊन
बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो.
वैजयंता हसून हसून खाली बसली.
दारात समोरची तिगिस्त, आदिस अबाबाची.
विचारत होती, पाणी किती वाजता जातं.

त्या वर्षी फेलोशिप पाच महिने अडकली.
दोन घरांनी एक सिलिंडर पुरवला.
तिच्या इंजेराला मी आंबोळी म्हणायचो,
ती आमच्या भाकरीला काहीच म्हणायची नाही,
खायची नुसती, ठेच्यासकट, नाक पुसत.
पलंगाखाली वैजयंताचे दगड,
'सकाळ'मध्ये गुंडाळलेले, नंबर घातलेले.
बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा,
अलॉटमेंट अकरा महिन्यांची.
मी औंधपर्यंत डबे पोचवायचो
आणि दुपारी लंगोट वाळत घालायचो.
खालून जाणारी एम.ए.ची पोरं
मला काका म्हणू लागली.
मी एकतीसचा होतो.

रात्री खडकीकडून मालगाडीचा आवाज यायचा,
मग शेजारी कुणाचं तरी भांडण, हळू आवाजातलं,
कारण भिंती सगळ्यांनाच माहीत होत्या.
वैजयंता टेबलाच्या दिव्याला
माझा जुना शर्ट बांधून लिहायची.
उजेड फक्त कागदावर.
आम्ही दोघं, मी आणि मुलगी,
अंधाराच्या भागात झोपायचो.

मार्चमध्ये व्हायवा झाली.
पेढे, टाळ्या, तिगिस्तनं तव्यावर कॉफी भाजली,
अख्खा मजला धुरकट.
सोमवारी पत्र :
अर्जदार आता विद्यार्थी नसल्याने
तीस दिवसांच्या आत.

उगलमुगले यादी घेऊन आले.
पलंग दोन. टेबल एक. पंखा, चालू.
ट्यूबलाइट – "ही तुमची की आमची?"
दाराजवळच्या भिंतीशी थांबले.
पेन्सिलीच्या चार रेघा, तारखांसकट.
"हे काय?"
"मुलीची उंची."
त्यांनी नियम पाहिला. रंगकाम, दोनशे रुपये.
मी म्हटलं, चार रेघांचे?
"रेघांचे नाहीत हो. भिंतीचे."
पावती फाडली. मग चष्मा काढून,
गुडघ्यावर हात ठेवून वाकले,
दुसरी आणि तिसरी यांतलं अंतर
बोटांनी मोजलं.
"इथं एकदम वाढलीय."
"हो," वैजयंता म्हणाली,
"तेव्हा फेलोशिप आली."

टेम्पोत दगड पुढे, संसार मागे.
ठमीला तिगिस्तच्या कडेवरून काढताना
दोन माणसं लागली.
गेटवर नवा वॉचमन, नवी वही,
जाणाऱ्यांनाही सही.
रकाना होता : कोणाकडे आला होता.
मी पेन घेतलं आणि लिहून गेलो,
कांदे, आठ नंबर.

कांदे सहा वर्षं झाली, परांड्याला तलाठी आहे.
वॉचमननं बोट ठेवून वाचलं,
टेम्पोकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं,
म्हणाला, "जा."